जिथे एकदाच विचारतात

आरंभीच क्षमा मागते. लेखन हा माझा प्रांत नाही. चंद्रपूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी वनस्पतिशास्त्र शिकवते, आणि पानांच्या कडा दातेरी आहेत की अखंड याहून अधिक सूक्ष्म असे काही मी आजवर शब्दांत मांडलेले नाही. पंचेचाळिशी ओलांडल्यानंतर लिहायला बसावे आणि तेही एका सहलीविषयी, हे मलाच थोडे धाडसाचे वाटते. शिवाय ही सहल समुद्रकिनाऱ्यावरच्या अशा रिसॉर्टमधली, जिथे राहणे, खाणेपिणे, मुलांचे खेळ असे सारे एकत्र मिळते. म्हणजे वाचणाऱ्याला हे मिरवणे वाटण्याचाही संभव आहे. आमच्याकडची माणसे सुटीत नात्यातल्या घरी जातात, लग्नाला जातात, फार तर एखादे लेणे पाहून येतात. तरीही लिहिते आहे, कारण एका बाईचे आभार मानायचे राहून गेले आहेत. तिचे नाव मी विचारले नाही. संकोच वाटला.

संकोच हा आमच्या घरातला वडिलोपार्जित ठेवा आहे. माझे वडील त्यांच्या घराण्यातले पहिले शिक्षक. त्यांच्या आजोबांच्या पिढीने लोकांच्या अंगणात उभे राहून ओंजळीत पाणी घेतलेले होते. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर ते उभे राहणे संपले, आणि वडिलांनी आम्हा भावंडांना एकच नियम घालून दिला: कुणाच्या दारात काही मागायचे नाही. तहान लागली तरी घरी येऊन पाणी प्यायचे. त्या नियमाची मला आजही लाज नाही, अभिमान आहे. पण त्याच्या जोडीला आमच्या भागाची आणखी एक रीत होती. पाहुण्याने पहिल्यांदा ‘नाही’ म्हणायचे. वाढणाऱ्याने ते ऐकायचे नाही. आमच्या लग्नाच्या पंगतीत ताटावर हात आडवा धरला, तर वाढपी बोटांच्या फटींतून वरण ओततो आणि भाजलेली बोटे चाटत पाहुणा समाधानाने हसतो. त्यामुळे न मागताही आम्ही कुणी उपाशी राहिलो नाही. ‘नाही’ हा आमच्याकडे जेवणाचा पहिला घास असतो, एवढेच.

माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची व्हायची होती, मुलगा तीनचा. मुलगा वाटेल त्याच्याशी बोले. कुत्र्याशी, विजेच्या खांबाशीसुद्धा. मुलगी घरात इतकी बडबडे की तिच्या वडिलांना दूरदर्शनवरच्या बातम्या ऐकू येत नसत. आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडताच ती मिटून जाई. कुणी काही विचारले की ती माझा पदर ओढून मला खाली वाकवी आणि उत्तर माझ्या कानात सांगे. मग मी ते उत्तर मोठ्याने सांगत असे. डॉक्टरांना तिचे पोट कुठे दुखते ते मी सांगितले. दुकानात तिला कोणत्या रंगाची रिबीन हवी ते मी सांगितले. शाळेत मात्र मी नव्हते. शाळेत ती तहान सांगत नसे, शी-शू सांगत नसे, आणि दोनदा ओल्या कपड्यांनी घरी आली.

एप्रिलमध्ये तिच्या वर्गशिक्षिकेने मला बोलावून घेतले. त्या अतिशय सौजन्याने बोलल्या, म्हणून अधिक लागले. मुलीला वाचता येते, अंकही येतात, पण तिच्या तोंडून वर्षभरात एक शब्द बाहेर पडलेला नाही, असे त्या म्हणाल्या. जूनमध्ये मुख्याध्यापिका तिला एकदा समोर बसवून पाहतील. आपली गरज तिला सांगता येत नसेल, तर पहिलीत न घालता आणखी एक वर्ष बालवर्गातच ठेवणे तिच्या हिताचे होईल. मी मान डोलावली. मला पुष्कळ काही विचारायचे होते. ते न विचारताच मी तिथून निघाले.

सहलीची कल्पना माझ्या यजमानांची. शाळेचे बोलणे त्यांनाही लागले होते, पण ते मनातले दुःख कधी सरळ बोलून दाखवत नाहीत. त्याऐवजी काहीतरी ठरवतात. कार्यालयातल्या कुणा सहकाऱ्याने कोकणातल्या एका किनाऱ्याचे वर्णन त्यांच्याजवळ केले होते: मनगटाला एक पट्टा बांधतात, मग दिवसभर कुठेही जा, काहीही खा, कुणी अडवत नाही. यजमानांचा कयास असा, की जिथे काहीच मागावे लागत नाही तिथे मुलगी जरा मोकळी होईल. मला तो तेव्हा पटला.

सासूबाईही आल्या. त्या वडशाजवळच्या आमच्या गावी एकट्या राहतात. धानाची शेती आता वाट्याने देतात, पण बांधावर स्वतः जाऊन उभ्या राहिल्याशिवाय त्यांना करमत नाही. समुद्र पाहावा असे त्यांना कधी वाटले नव्हते. “वैनगंगा हाये ना घरी,” असे त्या म्हणाल्या. नातवंडे चालली आहेत म्हणून निघाल्या. दोन गाड्या बदलून जायचे होते, तेव्हा त्यांनी पुऱ्या, लसणाचे तिखट आणि मोहफुलांचे लाडू असा डबा बांधून घेतला. तिथे सर्व काही मिळते असे मी सांगून पाहिले. मिळत असेल, पण वाटेत कोण भरवणार, असे त्यांचे उत्तर.

रिसॉर्टच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याला सासूबाईंनी ‘जयभीम’ घातला. तो क्षणभर गोंधळला, मग त्याने दोन्ही हात जोडले. आत एका मुलीने आमच्या मनगटांना हिरवे कागदी पट्टे बांधले. दवाखान्यात भरती केल्यासारखे वाटते, असे सासूबाई पुटपुटल्या. मुलाने मात्र तो पट्टा लगेच दाताने तपासून पाहिला.

संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी आमची फजिती सुरू झाली.

लांबलचक टेबलांवर पदार्थ मांडलेले होते आणि लोक आपापल्या हातांनी वाढून घेत होते. दुसऱ्याच्या घरातल्या भांड्यात स्वतः डाव घालणे हे माझ्या हाताला जमेना. मी कडेकडेने थोडा भात, थोडी डाळ घेतली. गरम पोळ्या मात्र एक तरुण टोपलीतून घेऊन टेबलांमधून फिरत होता. तो आमच्याजवळ आला आणि त्याने अदबीने विचारले. सासूबाई म्हणाल्या, नाही. मी म्हणाले, नको. मुलीने मान हलवली. यजमानांनीही, आम्ही नाही म्हटल्यामुळे की सवयीने कोण जाणे, ताटावर हात आडवा धरला. तो तरुण हसला, “ठीक आहे,” म्हणाला आणि पुढच्या टेबलाकडे गेला.

आम्ही चौघेही त्याच्या पाठीकडे पाहत राहिलो. दुसऱ्या फेरीला तो आमच्याकडे वळलाही नाही.

“हे काय रीत झाली?” सासूबाईंनी मला हळूच विचारले. “नाई म्हंटलं तं चाललाबी गेला.”

मुलाने तोवर कुणालाही न विचारता शेजारच्या टेबलावरचा पापड उचलला होता. आम्ही खोलीवर परतलो, सासूबाईंनी डबा उघडला, आणि जिथे सारे काही मिळते अशा त्या ठिकाणी आमच्या कुटुंबाने पलंगावर वर्तमानपत्र पसरून गावच्या उरलेल्या पुऱ्या आणि तिखट खाल्ले. मुलगी पोटभर जेवली आणि पोटभर बोललीही. टेबलावरचे ते पिवळे पुडिंग तिला हवे होते, असे तिने सांगितले. त्या पोळीवाल्या काकांनी एकदाच का विचारले, असेही विचारले.

दुसऱ्या दिवशी आम्ही किनाऱ्यावर गेलो. समुद्राचे वर्णन मी करणार नाही. ते अनेकांनी केले आहे आणि मला ते साधणारही नाही. मुलांना सर्वांत अधिक आवडली ती रेती. आमच्या नदीची रेती जाड आणि खरबरीत. ही मऊ, पिठासारखी. मुले खेळू लागली आणि थोड्या वेळाने त्यांना तहान लागली. पाण्याची बाटली खोलीत राहिली होती. यजमान ती आणायला गेले. सासूबाईंना मात्र तेवढा वेळ थांबण्याचे कारण दिसेना. त्यांनी पदर खोचला, लाटांपासून थोडे मागे सरून रेतीत गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी खणायला सुरुवात केली.

त्या झिरा खणत होत्या. आमच्याकडे उन्हाळ्यात नदी आटली की बाया पात्रातल्या रेतीत असा हातभर खड्डा खणतात. हळूहळू तळाशी पाणी झिरपते, पहिले गढूळ पाणी करवंटीने काढून टाकायचे, मग जे येते ते इतके नितळ आणि गार, की त्यानंतर विहिरीच्या पाण्याने तहान भागू नये. सासूबाईंनी जन्मभर तेच केलेले होते. रेती दिसली आणि पाणी शेजारी दिसले. हातांनी बाकीचा विचार केला नाही. मीही केला नाही, हे सांगायला हवे. विज्ञानाची पदवी घेतलेली मी त्यांच्या शेजारी बसून ती रेती बाजूला ओढत होते. मुलीला तर अशा खड्ड्याची चांगलीच माहिती. गेल्या उन्हाळ्यात आजीबरोबर नदीवर जाऊन तिने स्वतःचा एक छोटा झिरा राखला होता. ती तळाशी टक लावून बसली.

पाणी आले. सासूबाईंनी रीतीप्रमाणे पहिली ओंजळ स्वतःच्या तोंडाला लावली आणि दूर थुंकून टाकली.

“खारट हाये वो!” त्या म्हणाल्या, आणि मग स्वतःवरच इतक्या हसल्या की त्यांना रेतीत बसावे लागले. एवढा पसारा मांडून ठेवला आणि प्यायला घोटभर नाही, असे त्या समुद्राला उद्देशून म्हणाल्या. मुलगी खळखळून हसली. घराबाहेर, उघड्या जागी, परक्यांच्या देखत तिचे हसणे मी पहिल्यांदा ऐकले.

ते ऐकून आसपासची मुले जमली. तिच्याच वयाची, निळी टोपी घातलेली एक मुलगी खड्ड्यात वाकून पाहू लागली आणि तिने माझ्या मुलीलाच विचारले, हे काय केले आहे? माझ्या मुलाने तत्परतेने सांगितले, की यात मगर राहते. निळ्या टोपीवालीचा विश्वास बसला नाही. ती माझ्या मुलीकडेच पाहत राहिली. आणि मी पाहिले, की माझ्या मुलीचे ओठ विलग झाले आहेत. तिला उत्तर ठाऊक होते. नदी, रेती, करवंटी, सारे तिच्या ओठांशी आले होते.

“त्याला झिरा म्हणतात,” मी म्हणाले. “नदीच्या पात्रात उन्हाळ्यात असा खड्डा खणला, की रेतीतून गाळून पाणी येते.”

निळ्या टोपीवाली समाधानाने निघून गेली. माझ्या मुलीचे ओठ मिटले आणि ती सरकत सरकत माझ्या पाठीशी येऊन बसली.

मुले यजमानांबरोबर पाण्यात पाय भिजवायला गेल्यावर सासूबाई हातांची रेती झटकत म्हणाल्या, “तू शिकलेली बाई हायेस. मी तुले काय सांगू. पर तिचं तोंड उघडून राह्यलं होतं. तू तिच्या आंधी बोलली.”

मग मी त्यांना शाळेत काय ठरले आहे ते सांगितले. गावी त्यांना काळजी नको म्हणून आम्ही ते लपवले होते. त्यांनी सारे ऐकून घेतले. जूनमध्ये बसवून काय विचारणार, असे त्यांनी विचारले. ते शाळेने सांगितले नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीच्या जागी एका कोपऱ्यात घावनांची शेगडी मांडली होती. तव्यामागे चाळिशीची एक बाई उभी होती, अंबाड्यात अबोलीचा गजरा. ती तांदळाचे पातळ पीठ तव्यावर ओती, जाळी पडली की घावन उलटे, आणि बशीत घालून त्यावर नारळाचा गोड रस सोडी. आमचा धान पिकवणारा मुलूख. पण तांदळाचे असे लेसच्या रुमालासारखे रूप आम्ही पाहिले नव्हते. मुलगी त्या तव्यापुढे जाऊन उभी राहिली. बाईने विचारले, तुला देऊ का? मुलीने मान हलवली. बाईने घावन पुढच्या माणसाला दिले. मुलगी टेबलाशी परत आली, खुर्चीवर बसली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले.

मी उठले. सासूबाईंनी माझा हात धरून मला पुन्हा बसवले आणि त्या स्वतः शेगडीकडे गेल्या. मी मागून गेले, कारण त्या काय बोलतील याची मला धास्ती वाटत होती.

“काऊन वो बाई,” सासूबाईंनी विचारले, “तुम्ही एकदाच इचारता अन् सोडून देता? आमच्याकडचं लेकरू पयले नाईच म्हनते.”

बाई हसली. तिच्या गावीही तसेच आहे, असे तिने सांगितले. तिथे कुणी विचारतच नाही, पानात घालून मोकळे होतात. पण इथे कामाला लागताना त्यांना शिकवले गेले होते: पाहुणा नाही म्हणाला की पुन्हा विचारायचे नाही. काही पाहुण्यांना आग्रहाचा राग येतो. तिने एकदा एका साहेबांना दोनदा विचारले होते आणि बोलणी खाल्ली होती. सासूबाईंना हे नवे होते. आग्रहाचा राग येणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी तिला आमच्या पंगतीतल्या वरणाची गोष्ट सांगितली. घावन उलटता उलटता ती बाई इतकी हसली की एक घावन तव्यावरच फाटले. मग सासूबाईंनी आवाज उतरवून तिला आणखी काही सांगितले. ते मला ऐकू आले नाही. त्यांनी नातीला हाक मारली.

मुलगी आली. बाईने विचारले, देऊ? मुलीने मान हलवली. बाईने एक घावन कुणाला तरी दिले आणि पुन्हा विचारले, देऊ का गं? मुलीने मान हलवली. तिसऱ्यांदा विचारले. सासूबाई विजयी मुद्रेने वाट पाहत होत्या. मुलीने तिसऱ्यांदाही मान हलवली.

सासूबाईंचा चेहरा उतरला. आमच्या रीतीप्रमाणे तिसरे ‘नाही’ नसते. तिथवर आले की माणूस ताट पुढे करतो. आम्ही तिला ‘नाही’ शिकवले होते आणि ते ती पक्के शिकली होती. त्याच्या पुढचे काही तिला येतच नव्हते. “तिला एक द्या हो” हे वाक्य माझ्या ओठांवर तयार होते. हे वाक्य मी वर्षानुवर्षे म्हणत आले होते. मी तोंड उघडले आणि माझ्या मनगटाभोवती, त्या हिरव्या पट्ट्यावरून, सासूबाईंची बोटे आवळली गेली. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. फक्त बोटे आवळली.

मागे रांग वाढत होती. बाईने पीठ ओतले. जाळी पडली, कडा सुटल्या. तिने घावन बशीत घातले, वर रस सोडला, आणि ती बशी कुणाच्याही हाती न देता शेगडीच्या कडेला ठेवली. मग वर न पाहता, इथे शिकवलेल्या बोलीत नव्हे तर आपल्या घरच्या बोलीत, जणू सगळ्या रांगेला, तिने विचारले:

“ह्यां कोणाचां?”

हे घावन कुणाचे, ते खरोखरच कुणाला ठाऊक नव्हते. मुलगी बशीकडे पाहत होती. रस कडांवरून हळूहळू उतरत होता. रांगेतल्या पुढच्या गृहस्थांनी, बशी बेवारस दिसते म्हणून, हात पुढे केला.

“माझं,” मुलगी म्हणाली.

आवाज बारीक होता, पण गृहस्थांचा हात थांबला. त्यांनी खाली पाहिले आणि म्हणाले, “बरं बाई, तुझंच.” मुलीने दोन्ही हातांनी बशी उचलली. पदर ओढण्यासाठी तिने माझ्याकडे वळूनही पाहिले नाही.

त्या बाईने पुढे जे केले नाही, त्याबद्दल मी तिची आजन्म ऋणी आहे. ती शाबास म्हणाली नाही. तिने टाळी वाजवली नाही, इतरांना दाखवले नाही, मुलीच्या गालाला हात लावला नाही. यांतले काहीही झाले असते, तर मुलगी पुन्हा मिटून गेली असती. बाईने फक्त पुढचे पीठ ओतले आणि त्या गृहस्थांना विचारले, तुम्हाला गोड की चटणी? सहा वर्षांच्या मुलीने आपली वस्तू आपली म्हणावी यात नवल ते काय, असा तिचा भाव होता. माझ्या वडिलांचा नियम मला त्या क्षणी आठवला, आणि मुलीने तो मोडलेला नाही हेही जाणवले. तिने मागितले नव्हते.

घावन संपल्यावर ती रिकामी बशी घेऊन आपण होऊन तिथे गेली. मी जागची हलले नाही. लांबून दिसले, की बाईने काहीतरी विचारले, मुलीने उत्तर दिले आणि परत आली. काय विचारले, असे आजीने विचारले तेव्हा ती म्हणाली, आणखी हवे का विचारले आणि मी नाही म्हटले.

“मंग?” सासूबाई सावरून बसल्या. “आनखी एकदा नाई इचारलं?”

“माझं पोट भरलंय, आजी,” मुलगी म्हणाली, जणू आजीलाच समजावून सांगावे लागत होते.

उरलेले दिवस आनंदात गेले. मुलगी रोज सकाळी त्या तव्याशी जाऊ लागली. फार बोलत नसे, पण माझ्या कानात सांगायची थांबली. पोळ्या वाटणाऱ्या तरुणाला यजमान पहिल्याच खेपेला ‘हो’ म्हणू लागले, आणि प्रत्येक वेळी थोडे लाजत. सासूबाई मात्र शेवटपर्यंत पहिल्यांदा ‘नाही’च म्हणाल्या. या वयात रीत मोडायची नाही, असे त्यांनी बजावले. त्याऐवजी त्यांनीच इतरांच्या ताटात वाढायला सुरुवात केली, आणि निळ्या टोपीवाल्या मुलीच्या आईला भाताचा तिसरा डाव घ्यावा लागला. निघायच्या सकाळी मी घावनवाल्या बाईचे आभार मानायचे ठरवून न्याहारीला गेले. तव्यामागे दुसरेच कुणी उभे होते. त्या बाईची पाळी बदलली होती. सासूबाईंनी मोहाचे उरलेले लाडू तिच्यासाठी ठेवून द्यायला सांगितले. ते तिला मिळाले असतील असे मी धरून चालते.

जूनमध्ये आम्ही शाळेत गेलो. मुख्याध्यापिकांनी मुलीला आत घेतले आणि मलाही बसायला खुर्ची दिली. मी बाहेर थांबते, असे म्हणाले. दाराबाहेरून तिच्यासाठी काही करता येण्यासारखे नव्हते. दार अर्धवट उघडे होते. त्यांनी तिला नाव विचारले. ती गप्प राहिली. कविता म्हणायला सांगितली. ती गप्प राहिली. माझ्या मनगटाभोवती या वेळी कुणाची बोटे नव्हती; माझा मीच हात धरला. मग कागद चाळण्याचा आवाज आला आणि थोड्या वेळाने, अगदी स्पष्ट, मुलीचा आवाज:

“मला पाणी प्यायचंय.”

मुख्याध्यापिकांनी तिला पाणी दिले. इतर प्रश्न त्यांनी पुन्हा विचारले नाहीत. मला आत बोलावून म्हणाल्या, पहिलीत बसू द्या, पुढचे हळूहळू होईल.

ती आता पहिलीत आहे. अजूनही ती फारशी बोलत नाही. वर्गात हात वर करत नाही, आणि संमेलनात तिला झाड केले होते, ते तिने उत्तम केले. पण कोरड्या कपड्यांनी घरी येते. परवा शेजारच्या बाईंनी तिला काही विचारले. उत्तर यायला वेळ लागला. मी तिच्या शेजारीच उभी होते, उत्तर मला ठाऊक होते, आणि ते आवरून धरणे मला अजून कठीण जाते. ज्यांनी मला ते शिकवले त्यांपैकी एक वडशाजवळच्या बांधावर आहे आणि दुसरी एका तव्यामागे, ठाऊक नाही कुठल्या. दोघींविषयी मनात कृतज्ञता आहे. ती नीट मांडता आली नसेल, तर तो माझ्या अननुभवाचा दोष समजावा.

तुमच्या घरात असे एखादे मूल असेल, तर त्याच्या उत्तराची वाट तुम्ही किती वेळ पाहता?